चाळीस नंबरच्या पानावरची खोटी ओळ

माझा दादा कुणावरही विश्वास ठेवत नाही. पंखा दुरुस्त करायला माणूस आला की दादा आधी पंख्याचे स्क्रू मोजतो आणि माणूस गेल्यावर पुन्हा मोजतो. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून वाचतो, आणि मग डॉक्टरलाच फोन करून विचारतो, की चौथ्या ओळीत लिहिलंय ते तुम्ही मला का नाही सांगितलं. माझं लग्न ठरलं तेव्हा त्याने मुलाची इतकी चौकशी केली, की माझ्या नवऱ्याला स्वतःबद्दलच्या दोन गोष्टी त्यातून पहिल्यांदा कळल्या. हे सगळं मी त्याची धाकटी बहीण म्हणून, म्हणजे त्याची बाजू घेऊनच सांगतेय.

लोकर रंगवायच्या कारखान्यात तो चौतीस वर्षं मास्तर होता. तोंडावर सगळे मास्तर म्हणायचे आणि पाठ वळली की ‘कुलूप’. त्याला हे माहीत होतं. मला तर वाटतं, त्याला ते थोडं आवडायचंही.

कारखाना म्हणजे माणसाच्या उंचीच्या पोलादी टाक्या, त्यांतून निघणारी वाफ, बारा महिने ओली फरशी आणि गमबूट. दादाच्या नखांचा रंग सलग दोन दिवस एक राहिलेला मी कधी पाहिला नाही. टाक्यांच्या पलीकडे काचेची एक खोली. तिच्यात उत्तरेकडे खिडकी, खिडकीखाली तराजू, आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. रंगाची पूड तोलायची वेळ झाली की दादा खोलीचा पडदा ओढून घ्यायचा. कपाटात त्याची वही असायची.

त्या वहीबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. काळ्या रेक्झिनची जाडजूड वही. कोपरे फाटले म्हणून वहिनीने कापडाने शिवून दिलेले. तिच्यात दोनशे अकरा शेड, एका पानावर एक. प्रत्येक पानावर सहा ओळी: तांबडा किती, पिवळा किती, निळा किती, मीठ किती, आम्ल किती, उकळ किती वेळ. बाकीचे मास्तर शेजारी रंगवलेल्या लोकरीचा छोटासा गोंडा चिकटवतात, म्हणजे पुढे ताडून बघता येतं. दादाने एकही गोंडा चिकटवला नाही. गोंडा कुणी उपटून नेला तर?

आणि खरी गोम याच्याही पुढे आहे. प्रत्येक पानावरच्या सहा ओळींपैकी एक ओळ खोटी असायची. मुद्दाम. खरं माप असेल त्याच्या दीडपट लिहून ठेवायचं, आणि कुठली ओळ ते फक्त डोक्यात. तरुणपणी त्याच्या एका मित्राने जेवणाच्या सुट्टीत त्याच्या वहीची अकरा पानं उतरवून घेतली होती आणि त्या अकरा शेडच्या जोरावर पुलापलीकडच्या कारखान्यात मास्तरची खुर्ची पटकावली होती. त्या दिवशी दादाने कानाला खडा लावला. जुनी वही फाडली, नवी केली, आणि तिच्या पानापानावर खोट घातली. मला हे त्याने एकदाच सांगितलं, फार खुशीत होता तेव्हा. कुठल्या पानावर कुठली ओळ, ते मात्र मलाही नाही. बहीण झाली म्हणून काय झालं!

आठ वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली तेव्हा मालकीणबाईंनी कपाटाची किल्ली मागवून घेतली आणि लॅबवालीला सांगितलं, वहीत बघून माल काढा. लॅबवाली म्हणजे काचेच्या भांड्यांत रंगाचे छोटे नमुने करून बघणारी, शिकलेली, शांत बाई. तिने पानावर लिहिलं होतं तसंच्या तसं तोललं. दोनशे किलो लोकर भलत्याच रंगाची निघाली. सगळ्यांसमोर तिला बोलणी बसली. दादा अंथरुणात पडल्या पडल्या मला म्हणाला, “बघ, कुलूप कामाला लागलं.” आणि आम्ही दोघं हसलो. मीसुद्धा हसले, हे लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. तिच्या अंगावर शेवटपर्यंत तोच स्वेटर होता, दादाने एकोणीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी अर्धा किलो लोकर वेगळी रंगवून दिली होती तिचा. जुन्या विटेचा रंग असतो ना, तसा, पण आतून कुठून तरी जांभळट. तो रंग पुन्हा कधी कुणासाठी काढला नाही. तिला तो स्वेटर घालूनच आम्ही निरोप दिला. तेव्हा कुणाला सुचलं नाही की एखादा धागा तरी काढून ठेवावा.

यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला दादाच्या मुलीचा फोन आला. ती नोकरीसाठी लांब राहते. म्हणाली, “बाबा, मी विणायला शिकलेय. आईच्या स्वेटरच्या रंगाची लोकर मला करून द्या. थंडीत येईन तेव्हा घेऊन जाईन.” दादा म्हणाला, करतो की, त्यात काय. फोन ठेवून त्याने वहीतलं चाळीस नंबरचं पान उघडलं. वहिनीची शेड चाळीस नंबरला होती.

नेमक्या त्याच महिन्यात कारखान्यातलं रंग मोजायचं यंत्र आडवं झालं. यंत्र चांगलं होतं, पण त्याच्या आतला कंप्युटरचा प्रोग्रॅम ज्या कंपनीचा होता तिने तो चालवणंच बंद केलं. लॅबवालीने अकरा वर्षांत भरलेले सगळे नमुने त्या प्रोग्रॅमच्या पोटात, आणि प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही. तिने कंपनीला लिहिलं, निदान आमचे आकडे तरी परत द्या. उत्तर आलं की आकडे कसे साठवलेत हे सांगता येणार नाही. दादाला कोण आनंद! मी सांगतच होतो, म्हणाला, पेटीत टाकलं की पेटीवाल्याचं झालं.

मग लॅबवालीने कुठून तरी दुसरा प्रोग्रॅम आणला. फुकट. तो यंत्राला जोडला आणि यंत्र चालू लागलं. मालकीणबाई खूश झाल्या आणि त्यांनी फर्मान काढलं, की मास्तर वर्षअखेर निवृत्त होताहेत, त्याआधी त्यांची सगळी वही या प्रोग्रॅममध्ये चढवा.

दादाच्या मनात पाल चुकचुकली. पाल कसली, मगरच म्हणा. जगात फुकट कोण काय देतं? आणि देतो तो कशासाठी देतो? नक्की कुठे तरी पाणी मुरतंय. त्याने लॅबवालीला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली की हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्या लोकांचा प्रोग्रॅम आहे, जगभरातली माणसं मिळून लिहितात, कुणालाही उघडून बघता येतो. दादाला त्यातलं ‘कुणालाही’ एवढंच ऐकू आलं. म्हणजे आपली वही तिथे चढवली की जगभरातल्या चोरांना आमंत्रणच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. म्हणजे वाचनालयाच्या. मी तिथे सव्वीस वर्षं पुस्तकं देते-घेते, आणि दादाने तिथलं एक पुस्तक कधी घरी नेलं नव्हतं, कारण आधी कुणाकुणाच्या हातातून आलंय कोण जाणे. टेबलाशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “हे मुक्तवाले लोक कोण आहेत त्याची मला मुळापासून माहिती पाहिजे. आणि मी नेलं म्हणून कुणाला सांगू नकोस.”

मी मागच्या खोलीत शोधलं. कुणीतरी भेट दिलेलं एक चरित्र सापडलं, त्या चळवळीच्या सुरुवातीच्या माणसांतल्या एका बाईचं. सव्वातीनशे पानं. आतापर्यंत एकदाही बाहेर गेलेलं नव्हतं. मुखपृष्ठावर चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक रागीट बाई. दादाने तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, दोघांचं पटणार. पण नाही. पुस्तक त्याने मागून पुढून तपासलं, पानं मोजली, आणि रुमालात गुंडाळून नेलं.

वाचलं कसं म्हणता? पोलीस झडती घेतो तसं. हातात पेन्सिल, आणि दर पानावर समासात प्रश्नचिन्ह. आठवड्याने मी त्याच्या घरी गेले तेव्हा मला ते दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल! पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. मला समोर बसवून त्या बाईची सगळी कुंडली सांगायला लागला.

बाई एका विद्यापीठात हवामानाचे अंदाज काढणारे प्रोग्रॅम लिहायची. तिथे सगळ्यांचे प्रोग्रॅम एकाच कपाटात. कपाटाला कुलूप नाही. ज्याला हवा त्याने न्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करावी, चिठ्ठी लावून परत ठेवावा. इथपर्यंत सांगून दादा थांबला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्याने मला एखाद्या वेड्यांच्या इस्पितळाचं वर्णन केलंय. मग तिथे बाहेरच्या कंपनीचं नवं यंत्र आलं. ते चुकायला लागलं. बाई म्हणाली, आतला प्रोग्रॅम दाखवा, मी नीट करते. कंपनी म्हणाली, दाखवतो, पण आधी या कागदावर सही करा, की आत काय आहे ते कुणालाही सांगणार नाही. बाईने पेन खाली ठेवलं आणि चार महिन्यांनी नोकरी सोडली. मग तिच्यासारख्याच चार देशांतल्या डोकं फिरलेल्या चार माणसांबरोबर नवे प्रोग्रॅम लिहायला घेतले, आणि प्रत्येकाला एक पान जोडलं: हा कुणीही चालवावा, उघडून बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एकच, पुढे देणाऱ्याने त्याला कुलूप लावायचं नाही.

“मग ती खात काय होती?” दादाचा मुद्दा. चार दिवसांनी त्याला ते नव्वदाव्या पानावर सापडलं. प्रोग्रॅम बसवून द्यायचे, शिकवायचे ती पैसे घ्यायची. विकायला तिची ना नव्हतीच, तिचं भांडण फक्त कुलपाशी होतं. दादा “हं” म्हणाला. पण हार मानेल तो दादा कसला. आता प्रश्न असा, की कुणी मुद्दाम बिघडवून ठेवलं तर? पुस्तकात होतं, की सगळं उघडं असल्यामुळे शंभर डोळ्यांना ते दिसतं. “शंभर डोळे म्हणजे शंभर चोर,” दादा म्हणाला, आणि आणखी एक प्रश्नचिन्ह.

बाईच्या खोलीत भिंतीवर तिने स्वतःच्या हाताने एक नियम लिहून लावला होता: ‘दुसऱ्याचं काम दुरुस्त करायच्या आधी ते आहे तसं एकदा चालवून बघा.’ त्या ओळीशेजारी दादाने लिहिलं होतं, ‘भोळी बाई.’

हे चालू असताना कारखान्यात वेगळंच शिजत होतं, आणि ते मला लॅबवालीकडून कळलं. ती वाचनालयात यायची, कधी बोलायची नाही. त्या दिवशी टेबलाशी थांबली आणि म्हणाली, तुमच्या दादांना काही झालंय का? झालं असं होतं, की दादा रोज दुपारी पडदा ओढून काहीतरी छोटा नमुना रंगवायचा, खिडकीत धरायचा आणि कचऱ्यात टाकायचा. दोन आठवडे हेच. मग एका दिवशी सगळ्यांसमोर तिला म्हणाला, की बाई, माझ्या तराजूला कुणीतरी हात लावलाय, आणि काचेच्या खोलीत माझ्याशिवाय फक्त तुम्ही येता. तिने प्रमाणित वजनं आणून तराजूवर ठेवली. काटा तंतोतंत. त्यावर दादा म्हणाला, वजनंही तुमच्याच कपाटातली.

माझं डोकंच फिरलं. तशीच घरी गेले त्याला झापायला. तो घरी नव्हता. टेबलावर चरित्र पडलं होतं आणि त्याच्या एका पानाचा कोपरा चांगला जाड दुमडलेला. पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्या माणसाला माझ्याकडे माफी नाही, सख्खा भाऊ असो नाहीतर आणखी कुणी. पान सरळ करायला उघडलं. त्या पानावर एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

पानावर असं होतं: बाई मोठ्या आजारातून उठली. पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेला एक प्रोग्रॅम उघडून बसली, तर तिला त्यातलं ओ की ठो कळेना. दोन दिवस ती स्वतःच्याच अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने जगाला विचारलं, हे मी का लिहिलंय कुणाला ठाऊक आहे का? तिने कधी न पाहिलेल्या एका शाळामास्तरने दूरदेशातून सात पानी पत्र लिहून तिला तिचा प्रोग्रॅम समजावून दिला. त्याने तो अनेक वर्षं वाचला होता, वापरला होता.

मी पुस्तक मिटलं. तो रोज दुपारी पडद्याआड कुठला रंग काढतोय, हे मला तेव्हा कळलं.

दादा आला तेव्हा मी झापलं नाही. एवढंच विचारलं, “चाळीस नंबर?”

तो खुर्चीत बसला. बराच वेळ बुटांची नाडी सोडत राहिला. मग म्हणाला, “मला ओळ आठवत नाही गं.”

सगळं एकदम बाहेर आलं. रोजच्या शेड हाताला पाठ होत्या, शंभरेक. पण ज्या वर्षानुवर्षं काढल्या नाहीत त्यांच्या खोट्या ओळी डोक्यातून पुसल्या गेल्या होत्या. किती, ते त्याने मोजलं नव्हतं. स्क्रू मोजणारा माणूस, पण ते मोजायची त्याची हिंमत होत नव्हती. चाळीस नंबरच्या पानावर त्याने आधी निळा खोटा धरला, मग पिवळा, मग एकेक करून सहाही. “दोनदा वाटलं, हाच तो. दुसऱ्या दिवशी उजेडात धरला की वाटायचं, हा नव्हे. आता तिचा रंगही आठवेनासा झालाय. पोरगी दोन महिन्यांत येईल. तिला काय सांगू? तुझ्या आईच्या रंगाला मीच कुलूप लावलं आणि किल्ली गिळली?”

मी म्हटलं, लॅबवालीकडे जा. तो म्हणाला, तिच्याकडे? मग मी शेवटी बोलले, की कावीळ झाली होती तेव्हा आपण दोघं हसलो होतो ते आठवतंय का, की तेही विसरलास. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. तो मध्येच परत फिरेल याची मला खात्री होती, म्हणून दंडाला धरून नेलं म्हणा ना. लॅबवाली काचेची भांडी विसळत होती. दादाने वही तिच्या टेबलावर ठेवली.

“बाई, तराजू बरोबर होता,” तो म्हणाला. “या वहीत पानापानावर एक ओळ खोटी आहे. दीडपट. मीच लिहिलेली. आणि चाळीस नंबरची कुठली, ते मला आठवत नाही.”

तिने नळ बंद केला. हात पुसले. वही उघडली नाही. म्हणाली, “म्हणजे तेव्हा मी चुकले नव्हते.”

“नाही.”

“आठ वर्षं मी प्रत्येक माप तीनदा तोलते, मास्तर. घरी भात टाकतानासुद्धा.”

दादा मान खाली घालून उभा राहिला. माफ करा म्हणाला, पण इतक्या हळू, की मलाच लाज वाटली. ती त्याला माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि का म्हणावं? टेबलाखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं आणि म्हणाली, बसा, चाळीस नंबर काढा.

पण एवढं झालं म्हणून माझा भाऊ बदलला असं समजू नका. बसल्या बसल्या त्याने तिला आधी तो फुकट प्रोग्रॅम उघडायला लावला. तिने आतल्या ओळी दाखवल्या. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी भिंग लावून दोन तास बघितलं. शेवटी विचारलं, यात मुद्दाम खोटी ठेवलेली ओळ नाही कशावरून? ती म्हणाली, असेलही, म्हणून तर उघडा ठेवलाय, शोधा. दादाला हे उत्तर पटलं. एवढ्या महिन्यांत त्याला पटलेली ती पहिली गोष्ट.

मग दोघांनी मिळून वहिनीचा रंग काढायला घेतला. सहा ओळी, म्हणून सहा लड्या. पहिल्या लडीत पहिली ओळ खोटी धरून माप कमी केलेलं, दुसऱ्या लडीत दुसरी, असं सहापर्यंत. यावेळी पडदा उघडा होता. दादा तोलायचा, ती लिहायची, मग ती तोलायची आणि दादा, सवयच ती, पुन्हा तोलायचा. सगळं झाल्यावर तिने सातवं भांडं पुढे ओढलं आणि त्यात पानावर लिहिलं होतं तसंच्या तसं घातलं.

“ही सातवी लडी कशाला?” दादा म्हणाला. “ही तर खोटीच.”

“नोंदीसाठी. आमच्या प्रोग्रॅमवाल्यांची पद्धत आहे. आधी आहे तसं चालवून बघायचं.”

दादाने माझ्याकडे बघितलं. भिंतीवरचा नियम आम्हा दोघांनाही आठवला असणार. पण तो नुसता पुटपुटला, लोकर वाया. त्या लडीला तिने शून्याची चिठ्ठी बांधली.

पोरगी थंडीच्या सुरुवातीला आली. स्टेशनवरून घरी न जाता सरळ कारखान्यातच आली, कॉलेजपासूनचा जुना कोट घालून. दादाने खिडकीत पांढरं कापड अंथरून सात लड्या ओळीने मांडल्या होत्या. त्याने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता, खोट्या ओळी, विसरणं, तराजू, लॅबवाली. ती ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, “आईच्या अंगावर कुठला होता, तूच सांग. माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही.”

ती एकेक लडी उचलून गालाला लावायची, खाली ठेवायची. मीठ, आम्ल आणि वेळ यांच्या तीन लड्या तर तिळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. तिसरी उचलली, ठेवली. पाचवी उचलली. मग म्हणाली, “बाबा, मलाही नाही सांगता येत.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाचा चेहरा बघवेना. मी उगाच कापडाच्या सुरकुत्या सारख्या करत बसले.

खोलीत गारठा होता. तिने हात खिशात घातले आणि तशीच थांबली. हळूच उजव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढलं. तळाशी रफू होतं, बोटभर लांबीचं, दाट, वहिनीच्या हातचं. खिसा फाटला तेव्हा तिने आपल्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीने तो शिवला होता.

“रोज हात जातो इथे,” पोरगी म्हणाली. “बघितलं कधीच नाही.”

खिशाच्या आत ऊन लागलेलं नाही, कोट फारसा धुतलेलाही नाही. रंग होता तसाच होता. लॅबवालीने कोट नमुने बघायच्या दिव्याखाली धरला आणि लड्या एकेक करून रफूशेजारी आणल्या. पहिली नाही. दुसरी नाही. सहाही नाहीत. मग तिने शून्याची चिठ्ठी असलेली लडी शेजारी ठेवली, आणि रफू दिसेनासं झालं.

दादाने भिंग काढलं. दिवा बदलायला लावला, तीन वेळा. खिडकीत नेऊन बघितलं. पोरीला विचारलं, हे रफू आईनेच केलंय ना, नक्की? लॅबवालीला म्हणाला, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली नसेल ना? ती म्हणाली, नाही मास्तर. मग त्याने वही उघडली आणि चाळीस नंबरच्या सहा ओळींवरून बोट फिरवलं, सावकाश, एकेक.

“सगळ्या खऱ्या आहेत,” तो म्हणाला. “हिच्या पानावर मी खोटं लिहिलंच नव्हतं.”

आणि तो रडला. वहिनी गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. दोनशे अकरा पानांत एकच पान त्याने सरळ मनाने लिहिलं होतं, आणि नेमक्या त्याच पानावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. दोन महिने तो खऱ्या ओळी खोडत बसला होता. पोरीने त्याला जवळ घेतलं. लॅबवाली भांडी विसळायला गेली आणि मला कळत होतं, की विसळायला एकही भांडं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने पुस्तक परत आणून दिलं. सगळी प्रश्नचिन्हं रबराने खोडलेली, कोपरा इस्त्री केल्यासारखा सरळ. भिंतीवरच्या नियमाचं पान मी मुद्दाम उघडून बघितलं. ‘भोळी बाई’ त्याने इतकं घासून खोडलं होतं, की कागद तिथे पातळ झालाय. शिक्का मारून होईपर्यंत तो टेबलाशी उभा होता, आणि रजिस्टर आपल्याकडे फिरवून मी परतीची नोंद खरंच केली का ते बघूनच गेला.

वही आता रोज दुपारी थोडी थोडी प्रोग्रॅममध्ये चढते आहे. लॅबवाली टाइप करते, दादा शेजारी बसून आठवेल ती ओळ दुरुस्त करतो. जी आठवत नाही तिथे लिहितो, ‘इथे एक ओळ खोटी आहे, ज्याला सापडेल त्याने नीट करावी आणि पुढच्याला सांगावी.’ मागच्या मंगळवारी मी डबा घेऊन गेले होते तेव्हा ते एकोणचाळिसावर होते. लॅबवालीने पान उलटलं आणि हात थांबवला. म्हणाली, मास्तर, हा घरचा आहे, हा वगळू का?

“वगळायचा कशाला?” दादा म्हणाला. “लपवलेलं काही नाही असं तेवढं एकच तर पान आहे.”